एक उतार, तीन प्रकारची माती आणि न सापडलेली हाडे

पार्श्वभूमी

डोंगराच्या उतारावर पाण्याची टाकी बांधण्यासाठी खोदकाम चालू असताना यंत्राने उचललेल्या मातीत कवटीचा एक तुकडा दिसला आणि काम थांबले. जागा, वर्ष आणि संबंधित माणसे यांची ओळख पटेल असे सर्व तपशील या लेखातून गाळले आहेत; निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले आणि ज्या क्रमाने चुकले, तो क्रम मात्र बदललेला नाही. मी त्या पथकात हाडांच्या तपासणीसाठी होतो.

मानवी अवशेष सापडले की पहिला प्रश्न पुरातत्त्वाचा नसतो, पोलिसांचा असतो: ही व्यक्ती गेल्या काही दशकांत मरण पावली आहे का? हाडाकडे नुसते पाहून याचे उत्तर देणे धोक्याचे आहे. उष्ण आणि दमट मातीत काही वर्षांतच हाड तपकिरी, खडबडीत आणि जुनाट दिसू लागते, तर चुनखडीच्या कोरड्या मातीतले शेकडो वर्षांपूर्वीचे हाड अगदी अलीकडचे वाटू शकते. या बाबतीत एक भक्कम आधार उपलब्ध आहे. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते, आणि त्यानंतर जगलेल्या प्रत्येकाच्या शरीरात त्याची खूण उतरलेली आहे. कवटीच्या तुकड्यात ती खूण आढळली नाही. अहवाल येईपर्यंत जागा झाकून ठेवली होती. तो आल्यावर पोलिसांनी आपला तपास थांबवला आणि पावसाळ्यापूर्वीचे बारा दिवस आम्हाला मिळाले.

वरची माती खरवडून काढल्यावर एकवीस दफनखड्ड्यांच्या कडा स्पष्ट दिसल्या. उताराच्या वरच्या टप्प्यावर चुनखडीच्या खड्यांनी भरलेली फिकट माती होती आणि तिथे अकरा खड्डे होते. बाजूला, मुख्य उतारापासून सुटलेल्या एका सोंडेवर निव्वळ वाळू होती. त्या सोंडेवर वरून चुन्याचे पाणी येत नव्हते, फक्त पावसाचे पाणी झिरपत होते, आणि तिथे सात खड्डे होते. उताराच्या पायथ्याशी, जिथे झऱ्याचे पाणी वर्षभर मुरते, तिथल्या काळसर चिकणमातीत तीन खड्डे होते. लोक एकाच वस्तीतले असावेत आणि पुरण्याची पद्धतही एकच होती. वेगळी होती ती फक्त माती.

प्रश्न कुठे उभा राहिला

पहिल्या दोन दिवसांत वरच्या टप्प्यावरचे काम झपाट्याने पुढे गेले. सांगाडे पूर्ण होते, पायाच्या बोटांची लहान हाडेसुद्धा आपापल्या जागी होती. त्याच वेळी दुसऱ्या गटाने वाळूच्या सोंडेवरचे दोन खड्डे फावड्याने तळापर्यंत उपसले आणि त्यांना काहीच मिळाले नाही. हाड नाही, दात नाही, वस्तू नाही. संध्याकाळी नोंदवहीत त्या दोन्ही खड्ड्यांसमोर ‘रिकामा’ असा शब्द लिहिला गेला. तो मीच लिहिला.

खड्डे रिकामे का असावेत याबद्दल त्या संध्याकाळी तीन मते पुढे आली. एकाच्या मते तिथले देह नंतर उकरून दुसरीकडे हलवले असावेत. दुसऱ्याच्या मते खड्डे खणले गेले, पण वापरलेच गेले नाहीत. जागेची देखरेख करणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांचे मत असे पडले, “साथ आली असेल, चुना टाकला असेल, चुन्याने हाडे खाल्ली.” हे मत फार ठिकाणी ऐकायला मिळते, म्हणून त्याचा परामर्श घेणे भाग आहे. डुकरांचे देह चुन्यासह पुरून केलेल्या प्रयोगांमध्ये चुन्याने कुजण्याची क्रिया मंदावलेली दिसली आहे. शिवाय चुना मातीची आम्लता कमी करतो, म्हणजे हाडाच्या दृष्टीने तो संरक्षकच ठरतो. चुना पडला असता तर उलट त्या खड्ड्यांत हाडे मिळण्याची शक्यता वाढली असती.

चौथी शक्यता, म्हणजे आम्लधर्मी मातीत हाडे विरघळून गेली असावीत ही, मातीच्या सामूने (pH; ७ च्या खाली माती आम्लधर्मी) सुचवली. वरच्या टप्प्यावर सामू ७.८ होता, पायथ्याशी ७.१, आणि वाळूच्या सोंडेवर ४.७. सामूची मोजणी आम्ही तिसऱ्या दिवशी केली. ती पहिल्या दिवशी, फावडे लावण्यापूर्वी व्हायला हवी होती.

हाड टिकते कसे आणि जाते कसे

पुढचे निर्णय समजण्यासाठी हाडाची घडण थोडी तपशिलाने पाहावी लागेल. ताज्या हाडाच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असतो. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक. उरलेल्या भागात पाणी आणि प्रथिने असतात, आणि प्रथिनांपैकी सुमारे ९० टक्के कोलॅजेन असते. कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये आणि धाग्यांभोवती स्फटिक इतके दाटीने बसलेले असतात की जिवाणूंची कोलॅजेन तोडणारी विकरे आत शिरू शकत नाहीत. त्याच वेळी धाग्यांच्या जाळ्यामुळे स्फटिकांपर्यंत पाणी सहज पोहोचत नाही. दोघेही एकमेकांना सांभाळतात, आणि एक गेला की दुसरा उघडा पडतो. हाडाच्या नाशाची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीत आहे.

नाशाचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. आम्लधर्मी पाण्यात खनिज विरघळते, आणि पाणी वाहते असेल तर विरघळण्याला अंतच राहत नाही, कारण खनिजाने भरलेले पाणी निघून जाते आणि त्याच्या जागी पुन्हा भुकेले पाणी येते. दुसरा मार्ग सूक्ष्मजीवांचा. ते हाडात बोगदे पोखरत जातात. असे बोगदे १८६४ साली वेडल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवले होते. मातीचा सामू उदासीन असेल आणि हवा खेळती असेल तर जिवाणूंना ती परिस्थिती फार मानवते, म्हणजे जी माती खनिजाला सुखाची तीच कोलॅजेनला घातक ठरू शकते. तिसरा मार्ग सर्वात मूक आहे: पाणी आणि उष्णता यांमुळे कोलॅजेनच्या साखळ्या आपोआप तुटत जातात. म्हणूनच थंड प्रदेशातील हाडांत प्राचीन डीएनए मिळण्याची शक्यता उष्ण प्रदेशापेक्षा खूप जास्त असते. हरियाणातील राखीगढीच्या दफनांवरील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ६१ नमुने तपासून फक्त एका व्यक्तीचा उपयोगी पडेल इतका डीएनए हाती आला होता.

एकाच सांगाड्यातली सर्व हाडे सारखी टिकत नाहीत. मणके, उरोस्थी आणि बरगड्यांची टोके सच्छिद्र असल्यामुळे लवकर जातात. मांडीच्या हाडाचा मधला दांडा आणि खालचा जबडा चिवट असतो. कानामागच्या हाडाचा अंतर्कर्णाला वेढणारा भाग तर सांगाड्यातला सर्वात घट्ट भाग मानला जातो, आणि गेल्या दशकभरात प्राचीन डीएनएसाठी त्यालाच पहिली पसंती मिळू लागली आहे. दातांवरचे एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि त्याचे स्फटिक हाडातल्या स्फटिकांपेक्षा मोठे असतात, त्यामुळे हाड पूर्ण विरघळल्यावरही दाताचे पोकळ टोपण मागे राहू शकते. मुलांची हाडे मात्र आम्लधर्मी मातीत मोठ्यांच्या हाडांपेक्षा फार लवकर नष्ट होतात. गॉर्डन आणि ब्युक्स्ट्रा यांनी १९८१ साली मातीचा सामू आणि हाडांची स्थिती यांची सांगड घालताना हे दाखवून दिले. एखाद्या दफनभूमीत मुले सापडत नाहीत, तेव्हा तिथे मुले पुरलीच जात नव्हती असे म्हणण्याआधी म्हणूनच थांबावे लागते.

आणि हाड पूर्ण गेल्यावरही माणूस पूर्ण जात नाही. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ साली जहाजासह केलेले दफन उघडले गेले तेव्हा आत देह दिसला नव्हता. त्याच परिसरात पुढे झालेल्या उत्खननांत आम्लधर्मी वाळूत माणसांच्या आकाराचे घट्ट, गडद वाळूचे उठाव सापडले. हाड नव्हते, पण पाय कसे दुमडले होते ते दिसत होते. तिसऱ्या दिवशी सामूचा आकडा पाहिल्यावर मला हेच आठवले.

वाळूच्या सोंडेसाठी समोर असलेले पर्याय

पाच खड्डे अजून उघडायचे होते आणि नऊ दिवस उरले होते. पहिला पर्याय सोपा होता: पाचही खड्डे ‘रिकामे’ धरून त्यांचे आकार नोंदवायचे आणि सगळे मनुष्यबळ वरच्या टप्प्यावर लावायचे. तिथे हाडे डोळ्यांसमोर होती आणि पावसाआधी ती बाहेर काढणे आवश्यक होते. या पर्यायाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. जे नाही त्याच्यासाठी जे आहे ते का गमवायचे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि मला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही.

दुसरा पर्याय म्हणजे पाचही खड्डे वाळूच्या पातळ थरांनी, थापी आणि ब्रशने उतरवायचे, प्रत्येक थरातला रंगबदल काढून घ्यायचा, सगळी माती बारीक चाळणीतून घालायची आणि ठरावीक अंतरांवर मातीचे नमुने फॉस्फेटसाठी घ्यायचे. आम्लधर्मी मातीत हाडातून सुटलेले फॉस्फेट लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशी बांधले जाते आणि बरेचसे तिथेच अडकून राहते, त्यामुळे देह जिथे होता तिथे त्याचे प्रमाण चढते. या कामाला पाच खड्ड्यांसाठी किमान आठ दिवस लागले असते.

तिसरा पर्याय खड्ड्याचा तळ प्लास्टरच्या कवचात बांधून मातीच्या गठ्ठ्यासकट उचलण्याचा होता. त्यात जागेवरचा वेळ वाचतो, पण वाळू ओली आणि सैल असेल तर गठ्ठा उचलताना फुटतो, आणि फुटला की सगळेच जाते.

शेवटी मिश्र मार्ग ठरला. तीन खड्डे थराथराने उतरवायचे, एक गठ्ठ्याने उचलायचा आणि एक न उघडता जागच्या जागी सोडायचा. टाकीच्या आराखड्यात थोडा बदल करून तो वाचवता येत होता. वरच्या टप्प्यावरून दोन माणसे कमी केली. पथकातील काही जणांना हे पटले नव्हते, आणि त्यांनी आपले मत नोंदवहीत लिहून ठेवले. पुढे त्याचा उपयोग झाला, कारण निर्णयाची किंमत काय होती हे त्यातूनच नेमके कळले.

वाळूत काय दिसले

पहिल्या खड्ड्यात साठ सेंटिमीटर खोलीवर वाळूचा रंग बदलला. भोवतालची वाळू पिवळसर होती. मधोमध, हाताच्या तळव्याएवढ्या रुंदीचा गडद तपकिरी पट्टा दिसला आणि थापीला तिथे किंचित विरोध जाणवू लागला. पट्ट्याच्या कडेने मऊ वाळू काढत गेल्यावर दोन समांतर पट्टे मोकळे झाले, आणि दुपारपर्यंत ते पाय आहेत याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही. ब्रश जोरात फिरवला तर तो आकारही वाळूसारखा ओघळत होता, म्हणून पाण्याचा बारीक फवारा मारून वाळू ओलसर ठेवावी लागत होती. फॉस्फेटचे आकडे नंतर आले. पट्ट्यातले प्रमाण खड्ड्याबाहेरच्या मातीच्या कितीतरी पट होते. खड्ड्याच्या भिंती एकदाच खणलेल्या होत्या, दुसऱ्यांदा उकरल्याची खूण कुठेही नव्हती. देह हलवले गेल्याचे मत इथेच मागे पडले.

ज्या खड्ड्याचा गठ्ठा उचलायचा होता, तो आकाराने सर्वात लहान होता. प्लास्टर चढवण्याआधी वरची वाळू साफ करताना हिरवट रंगाची एक चकती दिसली. ती चकती नव्हती. तांब्याच्या पातळ कड्याची कड होती. कड्याच्या आतल्या बाजूला, गंजाला चिकटून, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचे दोन हिरवे तुकडे होते. एका बालकाच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांचे ते तुकडे. कड्याच्या वरही काही नव्हते आणि खालीही नव्हते. हाडे कड्याच्या रुंदीपुरतीच उरली होती, जणू कोणी दोन्ही बाजूंनी मोजून कापली असावीत. तांब्याचे क्षार सूक्ष्मजीवांना विषारी असतात आणि गंज हाडाच्या छिद्रांत शिरून त्याला धरून ठेवतो, त्यामुळे तांब्याला टेकलेले हाड टिकते हे मला ठाऊक होते. तरीही ते दोन तुकडे पाहताना मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. एका संपूर्ण मुलापैकी मातीने एवढेच परत दिले होते.

त्याच गठ्ठ्यातून पुढे प्रयोगशाळेत दातांची नऊ टोपणे मिळाली. मुळे आणि दाताचा आतला भाग विरघळून गेला होता, नखासारखे पातळ एनॅमल तेवढे शिल्लक होते. पहिल्या कायमच्या दाढेचे टोपण पूर्ण तयार झालेले होते, दुसऱ्या दाढेचे अर्ध्यावर होते. यावरून मुलाचे वय साधारण चार ते पाच वर्षे ठरवता आले. चाळणीची जाळी दोन मिलिमीटरची होती. पहिल्या दोन खड्ड्यांची वाळू जाळीतून गेलीच नव्हती, ती ढिगाऱ्यावर टाकली गेली होती आणि तिसऱ्या दिवशी यंत्राने तो ढीग इतर मातीत मिसळला होता.

पायथ्याची ओली हाडे

पायथ्याच्या तीन खड्ड्यांतली हाडे दिसायला फार वाईट होती. रंग काळपट तपकिरी, स्पर्श साबणासारखा, आणि दाबले तर बोटाचा ठसा उमटेल अशी. उघडल्यानंतर काही तासांत त्यांच्यावरची पांढरट भुकटी गडद निळी होत गेली. एका सहकाऱ्याला वाटले की आमच्याच साहित्यातला काही रंग लागला. तो रंग व्हिव्हियानाइटचा होता. ऑक्सिजन नसलेल्या ओल्या मातीत हाडाचे फॉस्फेट आणि मातीतले लोह यांच्यापासून हे खनिज बनते आणि हवा लागली की निळे पडते. ते दिसणे ही चांगली खूण होती, कारण त्याचा अर्थ असा की इथे बराच काळ हवा पोहोचलेली नव्हती.

पाण्याखालचे दफन चांगले की वाईट याचे एक उत्तर नाही. डेन्मार्कमध्ये १९५० साली सापडलेल्या टोलुंड मानवाची त्वचा दलदलीतील आम्लामुळे जणू कमावली गेली, पण त्याच्या हाडांतले खनिज विरघळत गेले. उलट फ्लोरिडातील विंडओव्हर येथील तळ्यात, जिथे १९८२ साली सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दफने मिळाली, पाणी जवळजवळ उदासीन असल्याने हाडे टिकली आणि कवट्यांत मेंदूचे अवशेषही मिळाले. हाडांना सर्वात जास्त झिजवते ती पाण्याची ये-जा, एकदा ओले आणि एकदा कोरडे होण्याचे चक्र. आमच्या पायथ्याला झऱ्याने सतत ओले ठेवले होते, आणि ते चक्र पहिल्यांदा सुरू केले ते आम्ही.

एका मांडीचे हाड मी स्वच्छ करून सावलीत ट्रेवर ठेवले आणि वरच्या टप्प्यावर निघून गेलो. ऊन नव्हते, पण वारा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हाडाला टोकापासून टोकापर्यंत उभी भेग गेलेली होती आणि वरचा गोल भाग सुटून बाजूला पडला होता. पाण्याने फुगलेले कोलॅजेन आटताना सगळीकडून सारखे आटत नाही, हे मी इतरांना अनेकदा शिकवले होते. त्यानंतरची हाडे आम्ही ओल्या मातीसकट उचलली, ओलसर ठेवून थंड जागी नेली आणि कित्येक आठवड्यांत हळूहळू वाळवली.

याच हाडांबाबत दुसरा वाद झाला तो रेझिनचा. ती ठिसूळ असल्याने जागेवरच त्यांना बळकटी द्यावी, असा आग्रह होता. पॅरालॉइड बी-७२ हे रेझिन ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात, पण ओल्या हाडावर त्याचा पांढरा पापुद्रा धरतो. ओल्या हाडासाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक लागते. पण रेझिन कोणतेही असले तरी त्यात कार्बन असतो, आणि तो हाडात शिरल्यावर कालमापन आणि रासायनिक विश्लेषण यांत अडथळा आणतो. आम्ही आधी नमुने घेतले: हातमोजे घालून, न धुता, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, प्रत्येक व्यक्तीच्या मांडीच्या हाडाचा एक तुकडा आणि कानामागचे हाड. उरलेल्यावर मग रेझिन लावले. या निर्णयाबद्दल मला आजही समाधान वाटते.

नमुने कोणते पाठवायचे

प्रयोगशाळा कालमापनासाठी आठ नमुने घेणार होती. मी यादी केली तेव्हा आठही नमुने वरच्या टप्प्यावरचे होते. हाडे कठीण, फिकट, सुबक होती, त्यांच्यावर स्नायूंच्या खुणासुद्धा स्पष्ट दिसत होत्या. पायथ्याच्या मऊ, काळ्या हाडांवर एक जागा वाया घालवण्याची मला इच्छा नव्हती.

पथकातील सर्वात तरुण सहकारी नमुन्यासाठी हाडाला छिद्र पाडत होती. तिने काम थांबवले आणि म्हणाली, “सर, याला वासच येत नाहीये.” कालमापन हाडातल्या कोलॅजेनवर होते, आणि हाडात कोलॅजेन असेल तर छिद्र पाडताना घर्षणाच्या उष्णतेने जळक्या केसांसारखा वास येतो. वरच्या टप्प्यावरच्या त्या देखण्या हाडाची भुकटी खडूसारखी पांढरी पडत होती आणि तिला काहीच वास नव्हता. मग तिने पायथ्याचे काळे हाड घेतले, आणि खोलीभर वास पसरला.

वास हा पुरावा नव्हे, पण थांबायला तेवढे कारण पुरेसे होते. आम्ही प्रत्येक हाडाची चिमूटभर भुकटी नायट्रोजनच्या मोजणीसाठी पाठवली. ताज्या हाडात नायट्रोजन वजनाच्या सुमारे ४ टक्के असतो आणि तो जवळजवळ सगळा कोलॅजेनमधून येतो, त्यामुळे ही स्वस्त चाचणी महागड्या चाचणीआधीची चाळणी म्हणून उपयोगी पडते. तिच्या आधारे यादी बदलली: पायथ्याचे तीन, वरच्या टप्प्यावरचे चार आणि तुलनेसाठी कड्याखालचा एक हिरवा तुकडा.

हाती काय आले

पायथ्याच्या तीनही नमुन्यांतून भरपूर कोलॅजेन मिळाले आणि त्यातले कार्बन व नायट्रोजनचे गुणोत्तर चांगल्या कोलॅजेनसाठी मान्य असलेल्या २.९ ते ३.६ या मर्यादेत बसले. वरच्या टप्प्यावरच्या चारपैकी दोन नमुन्यांत कोलॅजेन हाडाच्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी निघाले आणि ते बाद झाले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या हाडांचे पातळ काप जिवाणूंच्या बोगद्यांनी भरलेले होते. बाहेरची घडण शाबूत होती, आत जाळी झाली होती. हिरव्या तुकड्यात थोडे कोलॅजेन होते, पण कालमापनाला पुरेसे नव्हते. त्याचा आणखी भाग खर्च करायचा नाही असे आम्ही ठरवले.

मिळालेल्या पाच तारखा एकमेकींशी जुळल्या आणि दफने काही शतकांपूर्वीची, एकाच काळातली ठरली. वाळूच्या सोंडेला स्वतःची तारीख मिळाली नाही. खड्ड्यांची ठेवण आणि दिशा यांवरून ती त्याच काळातली मानली आहे, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिले आहे. सोंडेवरचे नंतर उघडलेले चारही खड्डे दफनाचे होते हे सिद्ध झाले. त्यांपैकी दोन मुलांचे होते. वरच्या टप्प्यावर एकही मूल मिळाले नव्हते, त्यामुळे सोंडेचे काम सोडून दिले असते तर या वस्तीने मुलांना दुसरीकडे पुरले असावे असा निष्कर्ष आम्ही बहुधा छापला असता.

किंमतही मोजावी लागली. दोन माणसे कमी केल्यामुळे वरच्या टप्प्यावरचे शेवटचे दोन सांगाडे घाईने उचलले गेले आणि त्यांतल्या एकाच्या बरगड्या उजव्या-डाव्या अशा वेगळ्या ठेवता आल्या नाहीत. आमच्यातील विरोधी मताने हेच आधी लिहून ठेवले होते.

वेगळे काय करता आले असते

सामूची मोजणी फावड्याआधी. तिला अर्धा तास लागतो, आणि ४.७ हा आकडा पहिल्या सकाळी हातात असता तर सोंडेवरचा पहिला खड्डा फावड्याने कोणी उघडला नसता. मातीचे नमुने खड्ड्याबाहेरूनही पहिल्याच दिवशी घ्यायला हवे होते. आम्ही ते उशिरा घेतले, तोवर यंत्रांच्या वर्दळीने आजूबाजूची जमीन ढवळली गेली होती आणि तुलनेसाठी जागा शोधत लांब जावे लागले.

उपसलेली माती खड्डानिहाय वेगळी ठेवणे ही दुसरी गोष्ट. चाळायला वेळ नसेल तर नसू दे, पण ढीग वेगळा आणि खुणेचा असेल तर नंतर परत जाता येते. ओल्या हाडांसाठी झाकण असलेले डबे आणि ओलसर स्पंज जागेवर असायला हवे होते. ते नव्हते, कारण कवटीचा पहिला तुकडा कोरड्या मातीतला होता आणि सगळी जागा तशीच असेल असे मी गृहीत धरले होते. नमुन्यांची यादी करताना डोळ्यांवर जो विश्वास टाकला, तोही त्याच गृहीतकातून आला होता. आता मी नायट्रोजनची चाचणी झाल्याशिवाय यादी करत नाही, आणि छिद्र पाडणाऱ्याला वासाची नोंद लिहायला सांगतो.

न उघडलेला खड्डा तसाच आहे. त्याच्या वरून पाण्याची वाट वळवली आहे आणि त्याची जागा टाकीच्या नकाशावर दाखवली आहे. पहिल्या दोन खड्ड्यांसमोरचा माझा शब्द मात्र मला बदलावा लागला. अंतिम आराखड्यात चार खड्ड्यांवर ‘दफन’, एकावर ‘न उघडलेला’ असे लिहिले आहे, आणि त्या दोघांवर, जिथे आधी ‘रिकामा’ होते तिथे, ‘तपासला गेला नाही’ असे लिहिले आहे.